सर्व गप्प

मी ऑर्केस्ट्रात वाजवते असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, तुमच्यात मिमिक्री कोण करतं. आमच्यात मिमिक्री नसते, निवेदक नसतो, जुनी गाणीही नसतात. व्हायोलिन, व्हिओला, चेलो, फ्लूट, क्लॅरिनेट, एक ट्रम्पेट आणि टिंपनी नावाचे मोठाले तांब्याचे नगारे घेऊन आम्ही तीसेक हौशी माणसं दर रविवारी सकाळी कोथरूडमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये जमतो आणि समोर कागद ठेवून पाश्चात्त्य पद्धतीचं संगीत वाजवतो. कागद ठेवून, असं म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. "म्हणजे पाठ नसतं?" असं तो हळूच विचारतो. मग मी विषय बदलते.

माझं वाद्य व्हिओला. ते व्हायोलिनपेक्षा किंचित मोठं आणि किंचित खालच्या आवाजाचं असतं, आणि ते वाजत नसलं तर नेमकं काय कमी आहे हे कुणालाच चटकन सांगता येत नाही. पोटासाठी मी मुद्रितशोधन करते. शाळेची पुस्तकं, दिवाळी अंक, क्वचित एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याचं आत्मचरित्र. दिवसभर दुसऱ्यांचे स्वल्पविराम सरळ करायचे आणि रविवारी व्हिओला वाजवायचा, असं माझं फारसं कुणाच्या नजरेत न येणारं आयुष्य चाललं होतं. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

आमचे कंडक्टर अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालेले आहेत. आम्ही त्यांना सर म्हणतो. शाळेचे वॉचमन यवतमाळकडचे. त्यांनी पहिल्या दिवशी सरांना कोण म्हणून विचारलं, सरांनी कंडक्टर म्हणून सांगितलं, तेव्हा वॉचमननी आदराने कुठल्या डेपोला होता अशी चौकशी केली. सर म्हणाले, "स्वारगेट," आणि आत निघून गेले. तेव्हापासून वॉचमन गावी जायच्या आधी त्यांना गाड्यांच्या वेळा विचारतात आणि सर त्या पाहून ठेवून सांगतात. गैरसमज दूर करण्यापेक्षा वेळापत्रक पाहणं सोपं, असं त्यांचं मत आहे.

सरांचा स्वतःच्या स्मरणशक्तीवर काडीचा विश्वास नाही. राष्ट्रगीत वाजवायचं असलं तरी ते समोर कागद ठेवतात. कॉलेजातही म्हणे स्वतः लिहिलेलं पुस्तक उघडं धरून शिकवायचे. हे सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते सरांच्या या स्वभावाशिवाय झालं नसतं.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी आमच्यासाठी एक रचना केली. डॉक्टर पूर्वी स्वतः व्हायोलिन वाजवत. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून पाहायचं आणि संध्याकाळी मान तिरकी करून व्हायोलिन धरायचं, हे मानेला झेपेना, म्हणून ते सोडून रचना करू लागले. रचनेचं नाव 'टेकडी'. कोथरूडचा माणूस सकाळी टेकडीवर फिरायला जातो, त्याचं हे वर्णन. चेलो हळूहळू चढायला लागतात, क्लॅरिनेट वाटेत भेटणाऱ्यांशी चार शब्द बोलतं, ट्रम्पेट म्हणजे कुत्री. माणूस मधून मधून दम खायला थांबतो. शेवटी माथ्यावर पोचतो, तिथे सगळं थांबतं, आणि त्या शांततेतून एकटी फ्लूट सुरू होते. ऐकायला फार गोड कल्पना होती. डॉक्टरांनी आम्हाला ती समजावून सांगितली तेव्हा आमच्यातल्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातला एक रोज टेकडीवर जाणारा होता.

डॉक्टरांनी ती संगणकावर लिहिली होती. त्यात सोय अशी असते की सगळ्या वाद्यांचा मिळून एक मोठा स्कोअर लिहिला की प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद आपोआप निघतो. या वेगळ्या कागदाला आम्ही पार्ट म्हणतो. स्कोअर फक्त सरांपुढे असतो, आमच्यापुढे ज्याचा त्याचा पार्ट. शेजारच्याच्या ताटात काय वाढलंय ते आम्हाला दिसत नाही, आवाजावरून ओळखायचं.

पहिल्या रविवारी पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्या पानावर सरांनी हात वर नेला आणि तिथेच धरून ठेवला. फ्लूट वाजवणारी मुलगी थांबली. ती कॉलेजात शिकते आणि सांगितलेलं ऐकते. आम्ही व्हिओलावाले सरांचा चेहरा पाहून, काहीतरी बिनसलंय असं समजून थांबलो. दुसरी व्हायोलिनं, म्हणजे व्हायोलिनांच्या दोन गटांतला दुसरा गट, मात्र पुढे गेली, कारण त्यांच्या कागदावर थांबण्याविषयी अवाक्षर नव्हतं. क्लॅरिनेट वाजवणारे गृहस्थ आयटीत आहेत, सूचना तंतोतंत पाळायची त्यांना सवय आहे. त्यांच्या कागदावर एक लांब सूर होता, तो धरून ते हळूहळू लाल होत गेले. आणि हे सगळं मोडून पडल्यावर, हॉलमध्ये शांतता झाल्यावर, चेलोंनी आपली मुख्य धून अत्यंत आत्मविश्वासाने सुरू केली.

चेलोंच्या प्रमुख बाई बँकेत अधिकारी आहेत. त्यांच्या विभागाला रिकाम्या मात्रा मोजायच्या होत्या आणि त्यांनी त्या मोजल्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी धनुकली खाली ठेवली, पार्ट उचलून त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "माझी मोजणी बरोबर आहे."

ती बरोबर होतीच. कागदच चुकीचा होता.

डॉक्टर कोपऱ्यातल्या बाकावर बसून ऐकत होते. त्यांनी उठून सांगितलं की सगळीकडे खुणा करायची गरज त्यांना वाटली नव्हती. एक जण थांबला की त्याचं ऐकून दुसरा आपोआप थांबतो, माणसाचा तो स्वभावच आहे. चेलोच्या बाईंनी विचारलं की हे त्यांनी कर्वे रोडवर कुठे पाहिलं. सर चष्मा पुसत होते. तो पुसून त्यांनी डोळ्यांवर चढवला.

"डॉक्टर," सर म्हणाले, "आपल्या टेकडीवर प्रत्येक जण वेगळ्या वाटेने गेला. वर कुणीच कुणाला भेटलं नाही." मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, आपण लोकांची विरामचिन्हं तपासता ना? मग ही पण तपासा."

त्या आठवड्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर 'टेकडी' पसरलेली होती आणि माझा नवरा मांडीवर ताट घेऊन जेवत होता. डॉक्टरांचा स्कोअर मी प्रूफ वाचावं तसा वाचायला घेतला. सूर बिनचूक होते. थांबे मात्र दहा लेखकांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकासारखे होते. कुठे ओळीच्या वर नुसता स्वल्पविराम लटकत होता. कुठे दोन तिरप्या रेघा होत्या, ज्यांना आमच्यातले लोक रूळ म्हणतात. कुठे अर्धगोल आणि त्याच्या पोटात टिंब, म्हणजे उलटा केलेला चंद्रबिंदू. ही खूण असली की तो सूर किंवा ती शांतता कंडक्टर सोडेपर्यंत धरून ठेवायची. तिला आमच्याकडे डोळा म्हणतात. हा डोळा डॉक्टरांनी, क्लॅरिनेटचा एक अपवाद सोडला तर, सगळीकडे फक्त फ्लूटच्या ओळीवर काढला होता. कारण फ्लूट सगळ्यांत वर असते आणि तिथे काढला की दिसतो, असं त्यांनी नंतर सांगितलं. स्कोअरमध्ये तो दिसत होताच. पार्ट वेगळे निघाले तेव्हा तो फ्लूटबरोबर निघून गेला, आणि बाकीच्यांना थांबायचं आहे हे जगात फक्त सरांना आणि त्या मुलीला माहीत राहिलं.

चेलोंची गंमत आणखी निराळी होती. त्यांच्या ओळीवर तिथे नुसती रिकामी घरं, म्हणजे काही न वाजवता मोजायचे मात्रांचे गट, होती, आणि संगणकाला रिकामी घरं दिसली की तो ती एकत्र करून एक जाड आडवी पट्टी काढतो आणि वर आकडा टाकतो, म्हणजे इतकी घरं मोजा आणि मग वाजवा. दुसऱ्या पानावरचा तो थांबा या पट्टीच्या पोटात गडप झाला होता. बिचाऱ्या बाई एका थांब्यावरून सरळ चालत गेल्या आणि त्यांना कळलंही नाही. क्लॅरिनेटला मिळालेला एकुलता एक डोळा तर त्या लांब सुराच्या सुरुवातीलाच होता. फ्लूट जिथे थांबत होती तिथे त्या सुराचा अर्धा भाग उरलेला होता. म्हणजे एकाच थांब्याला दोघं वेगवेगळ्या वेळी पोचत होते.

चुका सापडल्या, पण कुठला थांबा किती हे मला कळेना. म्हणून मी स्कोअर घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. दवाखाना औषधाच्या दुकानावर आहे. डॉक्टरांनी मला बाहेर बसू दिलं नाही, सरळ आत बोलावलं. आत खुर्चीत एक वयस्कर गृहस्थ तोंड उघडून आडवे झाले होते. ते कसबा पेठेत राहतात आणि दातांसाठी खास बसने इथे येतात, अशी डॉक्टरांनी त्यांची ओळख करून दिली. त्यांनी नजरेनेच नमस्कार केला.

मी स्कोअर उघडून पहिल्या स्वल्पविरामावर बोट ठेवलं. डॉक्टर ड्रिल चालवत होते. ते म्हणाले, हा फक्त श्वासाचा, आणि ड्रिल क्षणभर थांबवून लगेच सुरू केलं. गृहस्थांनी त्या क्षणात श्वास घेतला. मी कागदावर तशी नोंद केली. मग रूळ आले. डॉक्टरांनी ड्रिल थांबवलं, थोडं अधिक थांबले, आणि पुन्हा सुरू केलं. गृहस्थांची खुर्चीच्या हातांवरची बोटं सैल झाली होती, ती परत आवळली. आता मी डोळ्याबद्दल विचारलं. डॉक्टर खुलले. त्यांनी ड्रिल बंद करून ट्रेमध्ये ठेवलं आणि माथ्यावर उभं राहिल्यावर कसं वाटतं ते सांगायला लागले. खाली सगळं पुणं पसरलेलं असतं, वारा असतो, आणि काहीही संपलेलं नसतं. बोलता बोलता ते खिडकीपाशी गेले. गृहस्थांनी तोंड मिटलं, चूळ भरली, गळ्यातला रुमाल काढून घडी करून ठेवला आणि खाली उतरून चपला शोधायला लागले.

डॉक्टर म्हणाले, "अहो काका, अजून झालं नाही."

"मग थांबलात कशाला?"

"तो विराम होता."

काका पुन्हा खुर्चीत बसले, पण आडवे झाले नाहीत. त्यांना माझ्याशी बोलायचं होतं. डॉक्टरांनी हत्यार खाली ठेवलं म्हणून आपल्याला झालं असं वाटलं, असं त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. "हातात वर धरून उभे राहिले असते, तर मी हललो असतो का?" मला ते पटलं. श्रोत्यांचंही तसंच होणार होतं. वाद्यं थांबली की आपल्याकडे लोक टाळ्या वाजवतात, आणि टाळ्या वाजल्या की पुढच्या रांगेतले पाहुणे उठतात. मी कागदावर लिहून घेतलं, माथ्यावर सरांनी दोन्ही हात वर ठेवावेत. काकांनी ते वाकून वाचलं आणि समाधानाने आडवे झाले.

मग मी सगळे पार्ट नव्याने केले. थांबा ज्या मात्रेवर, तिथेच सगळ्यांच्या कागदावर खूण, मग ते वाजवत असोत की गप्प असोत. चेलोंची जाड पट्टी मी थांब्यापाशी तोडली. क्लॅरिनेटच्या लांब सुराचे दोन तुकडे करून ते एका कमानीने जोडले, म्हणजे सूर अखंडच राहतो पण डोळा दुसऱ्या तुकड्यावर, फ्लूटच्या डोळ्याखाली बरोबर येतो. ते दिसल्यावर मला जो आनंद झाला तो मी नवऱ्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, आता टेबल मिळेल का.

पण माथ्यावरच्या त्या संपूर्ण रिकाम्या घराचा प्रश्न होता. तिथे डोळ्याच्या जोडीला काहीतरी शब्द हवा होता, म्हणजे झोपेत वाजवणाऱ्यालाही कळेल. पुढच्या रविवारी चहाच्या वेळी त्यावर चर्चा झाली, आणि चर्चा पुण्यात होती म्हणून चहा दोनदा झाला. क्लॅरिनेटवाल्यांनी माहिती दिली की जगभर अशा ठिकाणी जी. पी., म्हणजे जनरल पॉज, अशी दोन अक्षरं लिहितात. चेलोच्या बाईंचं म्हणणं पडलं की रचना डॉक्टरांची, त्यात मधेच जी. पी. आलं तर इथे फॅमिली डॉक्टरांना विचारावं असं वाटेल. मी 'सर्व स्तब्ध' सुचवलं. ते भारदस्त होतं, पण शोकसभेची आठवण होऊन दोन-चार जण उभे राहतील अशी सरांना शंका आली. 'मौन' लिहिलं तर ते किती दिवसांचं असं टिंपनीवाल्यांनी विचारलं.

आमचे ट्रम्पेटवादक इतका वेळ बिस्किट खात होते. ते लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात आणि लग्न नसेल त्या रविवारी आमच्याकडे येतात. त्यांनी 'गप्प' लिहा असं सांगितलं. आपल्याला शांततेची सवय नाही हे त्यांनी आधीच कबूल केलं होतं. वरातीत बँड मधेच थांबला तर लोक धावत येतात आणि कुणाला घेरी आली का विचारतात, त्यामुळे काही झालं तरी त्यांची बोटं चालू राहतात. 'विराम' पाहून ती थांबतील याची त्यांना खात्री नव्हती. 'गप्प' पाहून थांबतील, कारण तो शब्द त्यांनी घरी पुष्कळ ऐकला होता. ठरलं. मी प्रत्येक पार्टवर ठळक अक्षरांत 'सर्व गप्प' लिहिलं आणि खाली बारीक अक्षरांत, सरांनी इशारा केल्याशिवाय कोणीही सुरू करू नये.

पुढच्या तालमीत सगळे थांबे जमले. दम खायला सगळे एका जागी थांबले, एका जागी निघाले. डॉक्टर बाकाच्या टोकावर येऊन बसले होते. आम्ही माथ्यावर पोचलो. सरांनी दोन्ही हात वर नेले, शेवटचा सूर विरला, आणि त्या पवित्र क्षणी तीस माणसांनी एकदम पान उलटलं.

चूक माझी होती. पान उलटायला हात मोकळे हवेत, आणि सगळ्यांचे हात मोकळे असलेली एकच जागा मला सापडली होती. हुशारी वाटून मी प्रत्येक पार्टचं पान नेमकं तिथे संपवलं होतं. कुणी जपून उलटलं, कुणी बोटाला थुंकी लावून, दुसऱ्या व्हायोलिनातल्या एकांचा स्टँडच आडवा झाला. सरांचे हात अजून वर होते. "टेकडीवर पाचोळा फार दिसतो," ते म्हणाले.

मी घरी जाऊन सगळं पुन्हा मांडलं. आता पान अशा जागी उलटायचं जिथे दुसरं कुणीतरी मोठ्याने वाजवत असेल. ट्रम्पेटची कुत्री या कामी फार उपयोगी पडली. नवऱ्याने एव्हाना टेबलाची आशा सोडली होती. सरांचा स्कोअर मात्र मी नव्याने छापला नाही. त्यावर त्यांनी लाल-निळ्या पेन्सिलीने इतकं लिहून ठेवलं होतं की ते सोडायला ते तयार नव्हते. मग मी दुरुस्त केलेल्या ओळींच्या पट्ट्या कापल्या आणि त्या जुन्या पानांवर डिंकाने चिकटवल्या.

कार्यक्रम संध्याकाळी होता. सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं, म्हणजे प्रत्येक वादकाचे नातेवाईक आले होते. डॉक्टर तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारी ते कसब्यातले काका, नवे दात घालून. पहिले दम खाण्याचे थांबे इतके नेटके झाले की मी वाजवता वाजवता स्वतःवर खूश होत गेले. कुत्री भुंकली, पानं उलटली गेली, कुणाला ऐकू आलं नाही. आम्ही वर चढलो. सरांनी त्यांचं पान उलटलं, शेवटच्या सुरावर दोन्ही हात वर नेले, आणि सर्व गप्प झाले.

मी सरांच्या अगदी समोर बसते, त्यामुळे मला त्यांचा चेहरा आधी दिसला. ते स्कोअरकडे पाहत होते आणि स्कोअर त्यांना काही सांगत नव्हता. पट्ट्यांचा डिंक कडेने बाहेर आला होता आणि दोन पानं एकमेकांना चिकटून एकत्र उलटली गेली होती. त्यांच्यापुढे थेट शेवटचं पान होतं. थांब्यानंतर कोण सुरू करतं हे मधल्या पानावर होतं, आणि न वाचता ते आठवायचं हे सरांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

पान सोडवायला एक हात खाली आणायला हवा होता. त्यांनी डावा हात जरासा खाली आणला. लगेच फ्लूटच्या मुलीने फ्लूट ओठांशी नेली, पहिल्या व्हायोलिनांच्या धनुकल्या उचलल्या गेल्या आणि मागून कुणीतरी एक टाळी वाजवली. सरांनी हात झटकन परत वर नेला. सगळे पुन्हा पुतळे झाले. टाळीवाल्याला कुणीतरी गप्प केलं, बहुतेक काकांनी.

आता कुणीही सुरू करू शकत होतं. एरवी कुणीतरी केलंही असतं. आमची दुसरी व्हायोलिनं तर आयुष्यात कधी कुणासाठी थांबली नव्हती. पण मी सगळ्यांच्या कागदावर लिहून ठेवलं होतं. तीस माणसं माझं वाक्य वाचत बसली होती, आणि ते वाक्य इतकं स्पष्ट होतं की त्यातून कुणालाच वाट काढता येत नव्हती. ट्रम्पेटवाल्यांची बोटं हवेत बटणं दाबत होती, आवाज न करता. प्रेक्षागृहात कुणी खोकत नव्हतं. मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

मी सरांकडे पाहून मानेने फ्लूटकडे खूण केली. त्यांना वाटलं मी व्हिओलांबद्दल काही विचारतेय. त्यांनी भुवया उंचावल्या. मी ओठांनी 'फ्लूट' म्हटलं, त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बाई, ही बोलायची वेळ आहे का. शेवटी चेलोच्या बाईंनी धनुकली सावकाश उचलली आणि तिच्या टोकाने, वर्गात नकाशावर नदी दाखवावी तशी, ती मुलगी दाखवली. सर वळले. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी उजव्या हाताचं एक बोट, फक्त एक बोट, खाली आणलं आणि फ्लूट सुरू झाली.

ती इतकी सुंदर वाजली की मी क्षणभर आमची ओळ विसरले, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सरांनी डाव्या हाताने टर्रकन पान सोडवलं. उरलेलं सगळं नीट झालं.

नंतर लोक स्टेजमागे आले ते त्या शांततेबद्दलच बोलत. एका बाईंना आपण खरोखर उंचावर उभ्या आहोत असं वाटलं होतं. क्लॅरिनेटवाल्यांच्या सासऱ्यांना मात्र वीज गेली असं वाटलं होतं. डॉक्टर सरांचे दोन्ही हात धरून उभे होते. इतका लांब विराम लिहायचं धाडस आपल्याला झालं नसतं, सरांनी तो शोधून काढला, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. सरांनी विनयाने मान खाली घातली. डॉक्टरांना तो आता कायमचा तेवढाच ठेवायचा होता, आणि तशी सूचना सगळ्या पार्टवर छापावी असं त्यांनी मला सांगितलं. लांबी किती होती हे चेलोच्या बाईंना नक्की माहीत असणार म्हणून त्यांना विचारलं. त्यांनी चेलो पिशवीत घालताना सांगितलं की त्यांनी मोजलं नाही, त्या घाबरल्या होत्या. हे ऐकून आम्ही सगळेच जरा चपापलो.

गर्दी ओसरल्यावर सर माझ्याजवळ आले. "मॅडम, आपलं काम चोख होतं," ते म्हणाले. "एवढं स्पष्ट मी यापूर्वी काही वाचलेलं नाही. फक्त डिंक जरा कमी वापरत चला."

दुसऱ्या दिवशी मी पार्ट गोळा करून घरी आणले. पुढच्या वेळेसाठी ते स्वच्छ करून ठेवायचे असतात, म्हणून खोडरबर घेऊन बसले. 'सर्व गप्प'पाशी लोकांनी पेन्सिलीने काय काय लिहून ठेवलं होतं. बऱ्याच जणांनी चष्म्याचं चित्र काढलं होतं, म्हणजे इथे सरांकडे पाहा. ट्रम्पेटच्या कागदावर एक कुलूप होतं. दुसऱ्या व्हायोलिनांतल्या एकाने लिहिलं होतं, येताना कोथिंबीर. नवऱ्याने मधेच येऊन टेबल कधी रिकामं होईल ते विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

सगळ्यांत शेवटी मी सरांचा स्कोअर उघडला. चिकटलेलं पान फाटलं होतं, ते त्यांनी स्वतःच मागून कागद लावून नीट केलं होतं. बहुधा रात्रीच बसून केलं असावं. त्या थांब्यावर, माझ्या छापील अक्षरांच्या वर, लाल पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत 'फ्लूट' लिहिलं होतं आणि खाली तीन रेघा ओढल्या होत्या. शेजारी बाण काढून, बारीक अक्षरांत, मुलीचं बसायचं ठिकाणही लिहिलं होतं: डावीकडून तिसरी, निळी ओढणी. ओढणी दर वेळी निळी नसते हे त्यांना सांगावं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.